कुंडाच्या काठचं लाल शेवाळ

"हलू नकोस. वाफ जाऊ दे," भुवड सर म्हणाले, आणि मी पालथा पडल्या पडल्या श्वास रोखून धरला.

कोपरांखाली सरांचा टॉवेल, डोळा कॅमेऱ्याला. कुंडातलं गरम पाणी जिथून पन्हळीत उतरतं, त्या दगडाच्या कडेला ते होतं, लेन्सपासून वीतभर अंतरावर. लाल. कोकमाची साल आतून असते ना, तसं. बारीक बारीक कुरळे झुबके, पाण्याच्या धारेबरोबर सावकाश डोलणारे. त्यावर थेट ऊन पडू नये म्हणून सर माझ्यामागे छत्री धरून उभे होते.

"गेली वाफ?"

"गेली."

"घे मग."

मी खटका दाबला. सर वाकले, छत्री खांद्याशी अडकवून त्यांनी वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "सतरा. पन्हळीची डावी कड."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. शिमग्याला पंधरा दिवस होते. चिपळूणहून माझ्या मोटारसायकलने तासाभरावर तापकोंड नावाचं गाव आहे, तिथल्या देवळापुढे हे गरम पाण्याचं कुंड. चिपळूणच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. भुवड सरांनी आम्हाला हायस्कुलात विज्ञान शिकवलं होतं, आणि त्याआधी आणि त्यानंतर मिळून तीस वर्षं तेच शिकवत होते. गावात त्यांचं नाव पडलं होतं शेवाळमास्तर. लोक जिथे घसरायच्या भीतीने पाय जपून टाकत, तिथे सर उकिडवे बसत. एस.टी. स्टँडची गळकी टाकी, मच्छीमार्केटमागचं गटार, जांभ्या दगडांच्या कुंपणाची, गडग्याची ओली बाजू, सगळीकडे. घरी खिडक्यांत ओळीने हिरव्या पाण्याच्या बरण्या. "लोकांकडे बरण्यांत लोणचं असतं," सुलभाकाकू म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणा आला की आधी सांगावं लागतं, हात लावू नका."

निवृत्त झाल्यावर एके दिवशी सर स्टुडिओत आले आणि विचारलं, "रमाकांत, अगदी जवळून फोटो काढायची भिंगं आहेत का रे तुझ्याकडे?" मला वाटलं अंगठीचा वगैरे काढायचा असेल. तिथून पुढे दोन वर्षं आमचे रविवार शेवाळात गेले. तहसील कचेरीच्या नळाखालच्या भिंतीचे आम्ही तासभर फोटो काढत होतो, तेव्हा आतून कारकून धावत आला. "काय झालं? पंचनामा आहे का?" सर म्हणाले, "हो. बसा, तुम्हीही साक्षीला." आणि त्याला भिंग देऊन पाहायला लावलं. तोही पाच मिनिटं उठला नाही.

मी तोवर माणसांचेच फोटो काढत आलो होतो. माणसं हसा म्हटलं की हसतात. ज्याला काही सांगता येत नाही त्याच्यापाशी थांबायचं कसं, ते मला सरांनी शिकवलं. वडील लवकर गेलेले. त्या दोन वर्षांत मला सरांचा केवढा आधार वाटायचा ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

तापकोंडचं लाल शेवाळ ही मात्र सरांची फार जुनी गोष्ट. अकरा वर्षांत त्यांना ते चार वेळा दिसलं होतं. येतं माघाच्या शेवटी, राहतं दोन-तीन आठवडे, मग दोन-तीन वर्षं पत्ता नाही. एरवी कुंडात असतं ते हिरवं नाहीतर तपकिरी, दगडावर सारवल्यासारखं. सरांनी या लालची चित्रं काढून एका शेवाळतज्ज्ञांना पाठवली होती. बाटलीतून नमुना पाठवला तर तो टपालातच सडून काळा झाला. तज्ज्ञांनी सभ्यपणे लिहिलं होतं: चित्रावरून काही सांगता येत नाही, स्वच्छ रंगीत फोटो मिळाले आणि ते खरोखर लाल असलं, तर पुढच्या खेपेस मी स्वतः येईन.

आणि सरांना पुढच्या खेपेची खात्री नव्हती. काचबिंदू होता. मिरजेला दाखवून आले होते. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसऱ्याने कडेचं दिसत नव्हतं. हे घरात काकूंना आणि बाहेर मला, एवढंच माहीत.

त्या दिवशी मला साडेअकराला चिपळुणात लग्न होतं. पोचल्यावर आधी कुंडाशी वाकून जागा पाहून घेतली होती, मग देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्या नवा रोल भरला होता. हात वाफेने ओले होते. मागचं झाकण लावलं आणि परत जाऊन पालथा पडलो होतो.

"छत्तीस," सर म्हणाले. "संपला?"

मी फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढून पाहिली; रोल संपला की ती अडते. ती फिरली.

"अजून एक येतोय."

"अरे वा! घे, घे. तो मधला झुबका घे."

सदतिसावा घेतला. लिव्हर पुन्हा फिरली. अडतिसावाही घेतला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी छत्री मिटून माझ्या पाठीवर थाप मारली. "दोन फुकट दिले रे तुझ्या कॅमेऱ्याने!"

देवळाचे सोनू गुरव इतका वेळ कुंडाच्या वरच्या पायरीवर विडी ओढत बसले होते. सरांनी त्यांना आठ दिवस हातापाया पडून थोपवलं होतं. ते उठून म्हणाले, "आता तरी घासू ना, सर? शिमगा तोंडावर आलाय. पालखीची माणसं आंघोळीला उतरतात. परवा एक बाई घसरली, नशीब म्हणून वाचली."

"घासा, घासा," सर म्हणाले. "आता खुशाल चुना टाकून घासा. आमचं काम झालं. काय रे रमाकांत?"

मी बॅग भरत होतो. मान हलवली.

लग्न पार पडलं. पंगतीची गडबड संपल्यावर चार वाजता स्टुडिओत आलो. दार लावून डार्करूममध्ये गेलो आणि सकाळचा कॅमेरा काढला. फिल्म मागे गुंडाळायची कळ असते, ती फिरवताना बोटांना फिल्मचा ताण लागतो. माझ्या बोटांना काही लागलं नाही. झाकण उघडलं. फिल्मचं टोक पलीकडच्या रिळाच्या खाचेत गेलंच नव्हतं. सकाळी पायरीवर ठेवलं तसंच ते कडेला दुमडून पडलं होतं. एकही फोटो निघाला नव्हता. अडतीस वेळा नुसता खटका वाजला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी वर लिहिलंय त्यावरून मला हे चार वाजता कळलं असं वाटतं, पण ते खरं नाही. छत्तीसच्या रोलमध्ये एखादा जास्तीचा फोटो कधी निघतो. पण अडतिसाव्यानंतरही लिव्हर फिरली तेव्हाच मला शंका आली होती. फिल्म पुढे सरकत असेल तर ती मागे गुंडाळायची कळ आपोआप फिरते; नुसतं खाली बघितलं असतं तरी समजलं असतं. मी बघितलं नाही. वाजले होते साडेदहा. सरांची थाप पाठीवर होती. आणि गुरवांनी विचारलं तेव्हा "थांबा, आज नको" एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. ते मी बोललो नाही. मान हलवली.

तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे उठून जाता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सावर्ड्याचं लग्न होतं आणि तिसऱ्या दिवशी साखरपुडा. मी स्वतःला सांगितलं, गावातली माणसं, आज करतो म्हणतात आणि आठ दिवसांनी करतात. चौथ्या दिवशी गेलो. कुंडाच्या पायऱ्या पांढऱ्याधोट झाल्या होत्या. पन्हळीच्या दगडावर चुन्याचे फराटे आणि खराट्याच्या खुणा. गुरव म्हणाले, "बघा कसं लख्ख केलंय. सरांना सांगा."

सर रोज स्टुडिओत यायचे. "आले का रे?" रंगीत रोल तेव्हा कोल्हापूरला धुवायला जायचे, आठ-दहा दिवस लागायचे, त्यामुळे मला वेळ मिळाला. त्या वेळात मी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मला एक आठवलं. जानेवारीत याच कुंडाचे आठ-दहा फोटो काढले होते, तो अर्धा रोल पुढे एका बारशाला संपवला होता आणि प्रिंट सरांना दाखवायच्या राहून गेल्या होत्या. त्यात नेहमीचं तपकिरी शेवाळ होतं.

मी त्या प्रिंट घेऊन सरांकडे गेलो. सकाळची वेळ. काकू पडवीत वाल निवडत होत्या. सर आरामखुर्ची उजेडात ओढून भिंग घेऊन बसले.

"एवढेच?"

"बाकीचे वाफेने धूसर आले, सर."

त्यांनी एकेक फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, तिरका केला. पुन्हा पहिल्यापासून. काकूंचा हात सुपात थांबला होता.

"रंग असा का आलाय रे?"

"प्रिंटमध्ये थोडा फरक पडतो."

"थोडा?" सरांनी भिंग मांडीवर ठेवलं. "बरं, फोटोचं सोड. तू तिथे होतास. तुझे डोळे चांगले आहेत. तुला काय रंग दिसला?"

मी काय बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"तपकिरीच म्हणायचा, सर. उन्हाने जरा लालसर वाटला असेल."

सरांनी फोटो खाली ठेवले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. पुसतच राहिले.

"बरं केलंस सांगितलंस ते," शेवटी म्हणाले. "नाहीतर मी आणखी किती वर्षं लोकांना त्रास दिला असता. डोळ्यांचं असंच असतं म्हणतात. आपल्याला पत्ता लागत नाही, आधी रंग बिघडतात."

"आधीच्या खेपांना तर तुमचे डोळे..."

"तेव्हापासून बिघडले असतील. कुणी सांगावं?" ते हसले. "तू खरं बोललास. दुसरा कुणी असता तर मला बरं वाटावं म्हणून लाल म्हणाला असता."

फोटो त्यांनी तज्ज्ञांना पाठवलेच. उत्तर महिन्याभरात आलं: हे सर्वत्र आढळणारं शेवाळ आहे, आपल्या चिकाटीचं कौतुक वाटतं. त्यानंतरच्या रविवारी सरांनी मला बोलावून घेतलं. वाटलं कुठेतरी जायचं असेल, म्हणून मी कॅमेरा घेऊन गेलो. घरात शिरलो तर खिडक्या रिकाम्या. सगळ्या बरण्या धुऊन अंगणात उन्हात पालथ्या घातलेल्या.

सर अकरा वर्षांच्या वह्या घेऊन बसले होते.

"बारीक अक्षर आता दिसत नाही मला," ते म्हणाले. "जिथे जिथे लाल लिहिलंय तिथे एक रेघ मार आणि वर तपकिरी लिही. पुसू नको. चूक दिसली पाहिजे."

"सर, राहू दे ना. कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे. लिही."

मी लिहिलं. एकेक नोंद मोठ्याने वाचायची, रेघ मारायची, वर तपकिरी लिहायचं. सरांचं अक्षर मोत्यासारखं. एका नोंदीत त्यांनी लिहिलं होतं, "आज लाल इतके दाट की सुलभेला दाखवावयास आणावे असे वाटले. ती आली नाही." तीही मी वाचली. काकू आत होत्या. आतली भांडी वाजायची थांबली. तेवीस जागी मी रेघ मारली. शेवटी त्यांनी सांगून लिहवून घेतलं, "निरीक्षकाची दृष्टी सदोष असल्याने वरील दुरुस्त्या केल्या." खाली त्यांनी चाचपडत सही केली.

"तूही कर. साक्षीदार म्हणून."

मी सही केली.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. आज सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, असं करत करत एक वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर सांगणं अधिकच कठीण झालं. काकू बाजारात भेटल्या की म्हणायच्या, "तू येत नाहीस हल्ली. ते कुठेही जात नाहीत रे आता. पूर्वी न्हाणीघरातलं शेवाळ घासू द्यायचे नाहीत, आता मी घासते तरी काही बोलत नाहीत." मी म्हणायचो, लग्नसराई आहे.

एक्क्याण्णवच्या माघात तापकोंडच्या एका घरी बारशाचे फोटो काढायला गेलो होतो. काम आटोपलं आणि पाय कुंडाकडे वळले. पन्हळीच्या दगडावर ते आलं होतं. हातभर लांब पट्टा. लाल.

मी बॅग खाली ठेवली. मग रोल भरला. टोक खाचेत बसलं का ते दोनदा पाहिलं, प्रत्येक फोटोला कळ फिरते का ते पाहिलं. पूर्ण छत्तीस काढले. त्या फोटोंचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो: मी ते सरांच्या नावाने त्याच तज्ज्ञांना पाठवले, पुढच्या खेपेला शेवाळ आलं तेव्हा ते स्वतः आले, वाकून वाकून पाहिलं, आणि म्हणाले की मला भुवड सरांना भेटायचं आहे. तोवर सर जाऊन चार महिने झाले होते.

पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका दुपारचं. प्रिंट हाती आल्या त्याच दिवशी मी आधी कुंडावर गेलो, एका बाटलीत गरम पाण्यासकट थोडं शेवाळ घेतलं आणि तडक सरांचं घर गाठलं.

सर पडवीत बसले होते. दृष्टी पूर्ण गेली होती. माझ्या पावलांवरून ओळखलं. "रमाकांत? ये. किती दिवसांनी!"

मी त्यांचा हात धरून बाटलीच्या तोंडाशी नेला. बोट आत बुडवलं. पाणी अजून कोमट होतं. त्यांच्या बोटाला झुबके लागले आणि चेहरा एकदम बदलला. तिसऱ्या बाकावरून मी पाहिलेला, वर्गात सूक्ष्मदर्शक आणतानाचा तो चेहरा.

"तापकोंड?"

"हो, सर."

"कुरळं आहे. टोकं मोकळी आहेत." मग सावकाश विचारलं, "रंग?"

"लाल. सर, ते लाल आहे. तेव्हाही लाल होतं."

त्यांनी बोट बाहेर काढलं आणि धोतराला पुसलं.

मग मी सगळं सांगितलं. ओले हात, न अडकलेली फिल्म, गुरवांना मान हलवली ते, जानेवारीचे फोटो, तपकिरी म्हणालो ते.  काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी बोलायचा थांबलो तेव्हा सरांनी अंदाजाने हात पुढे केला. तो माझ्या गालाला लागला. गाल ओला होता.

"वेडा आहेस," ते म्हणाले. "आंधळ्या माणसाला बरं वाटावं म्हणून एवढं सगळं रचलंस? स्वतःवर एवढा ठपका घेतलास?"

"रचलं नाही हो, सर. खरंच आहे. काकू, हे फोटो बघा. सांगा तुम्ही त्यांना."

काकूंनी फोटो हातात घेतले. एक पाहिला, दुसरा पाहिला.  "अहो," त्या म्हणाल्या, "लाल आहे. कुंकवासारखं लाल आहे हो."

सर हसले. अगदी मायेने हसले. "बघ, तूही त्याला सामील झालीस. दोघं मिळून माझी समजूत काढताय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तेव्हा खरं बोललास ना, त्याचं मला फार वाटतं. त्यावर मी निभावलो. आता मला खोटं नको सांगू. तुझा तो स्वभाव नाही."

मी आणखी बोललो. शपथ घेतली. ते माझ्या हातावर थोपटत राहिले. थोड्या वेळाने त्यांना डुलकी लागली.

काकू फाटकापर्यंत आल्या. फोटो अजून त्यांच्या हातात होते.

"खरं आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे."

"मला पटलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तीन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून निजतात, रमाकांत. दिवसाढवळ्या. मला म्हणायचे, आयुष्यभर मुलांना नीट बघायला शिकवलं आणि मलाच बघता आलं नाही."

मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो.

"आता पुन्हा त्यांना पटवायला येऊ नकोस. नाही पटायचं त्यांना. आणि पटलं तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पटलं तर तूही जाशील रे त्यांच्यापासून. मग त्यांच्याकडे काय उरेल?"

आतून सरांचा आवाज आला. "रमाकांत गेला का गं? चहा दिलास ना त्याला?"

मी फाटकाच्या आतच उभा होतो. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"गेला," त्या म्हणाल्या.